एका उमेदवाराची संमती बाकी

त्या दिवशी मी स्वयंपाकघरातून ओरडले, "अहो, आणते! गाळायचाच राहिला आहे!" आणि एरवी दहाला येणारी, पण नेमकी सातलाच भांडी घासायला आलेली धुरपताबाई हातातली कढई तशीच धरून माझ्याकडे पाहायला लागली.

"बाई, कोनाशी बोलून राह्यल्या जी?"

"कोणाशी नाही. घास तू."

ती घासायला लागली, पण आवाज न करता. एरवी ही बाई अशी भांडी आपटते की शेजारचं कुत्रं उठून बसतं. कोणाची कीव आली की मात्र तिचा हात हलका होतो, हे मला चांगलं ठाऊक आहे. आणि मला कीव चालत नाही. आमचे हे, म्हणजे कमलाकर, जाऊन दोन वर्षं झाली. मूलबाळ नाही. कळंबच्या या घरात मी एकटी, वय पासष्ट, आणि भरसकाळी मेलेल्या माणसाला चहा आणते म्हणून सांगत होते. अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्याच मिनिटाला मी कॉम्प्युटरवाल्या कय्युमला फोन लावला.

"कय्युम, आजच्या आज ये. तो प्रोग्राम आज गेला पाहिजे."

"काकू, मागच्या डावी म्या सांगतलं होतं नं, तो जात नाही म्हणून."

"जात कसा नाही? माणसं जातात, प्रोग्राम जात नाही?"

मग म्हणाला, येतो.

आता प्रोग्राम कोणता, ते सांगते. हे भूमी अभिलेखमधून निवृत्त झाले आणि महिनाभरात घरात येरझारा घालून घालून त्यांनी माझं डोकं उठवलं. मी तेव्हा यवतमाळला कोर्टात होते, नक्कल विभागात. संध्याकाळी बसमधून उतरून घरी यावं तर हे दारातच उभे. "आज काय काय झालं?" अहो, नक्कल विभागात काय होणार? नकला झाल्या. शेवटी मीच म्हटलं, जिवाला काहीतरी उद्योग लावून घ्या बाप्पा. तर यांनी बाहेरच्या खोलीत विवाह सूचक केंद्र उघडलं. एक टेबल, लोकांसाठी एक बाक आणि एक कॉम्प्युटर. काम फुकट. मला वाटलं चार दिवसांचं खूळ आहे. चौदा वर्षं चाललं.

अमरावतीच्या चारुदत्त नावाच्या एका माणसानं असल्या केंद्रांसाठी 'जुळवणी' म्हणून प्रोग्राम केला होता. मुलामुलींची माहिती भरायची, स्थळं शोधायची. बसस्टँडजवळच्या दुकानातून कय्युमनं येऊन तो बसवून दिला. बापाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, यानं त्याचं कॉम्प्युटरचं केलं. आता पन्नाशीला आलाय, पण मला काकू आणि यांना काकाजी म्हणायचं सोडलं नाही.

तर हा प्रोग्राम. कॉम्प्युटर सुरू केला की पाच मिनिटांनी त्यातून सनई वाजायची. मुहूर्ताची सनई, खणखणीत. हे सकाळी सात वाजता बटण दाबून खुर्चीवर मांडी घालून बसत आणि मी आत चहा ठेवत असे. सनई वाजली की समजायचं, साहेबांचं ऑफिस उघडलं, कप घेऊन जा. चौदा वर्षांची सवय.

हे गेल्यावर तेराव्यानंतर मी कॉम्प्युटर सुरू केला. पेपर वाचायचा होता, मोबाईलवर माझे डोळे दुखतात. बटण दाबलं, आत जाऊन चहा ठेवला, आणि सनई वाजली. एक क्षण, खरंच एकच क्षण, मला वाटलं हे बाहेर बसलेत. चष्मा कपाळावर चढवलेला, पायातली चप्पल टेबलाखाली कुठेतरी हरवलेली. मग आठवलं. तेव्हापासून रोज सकाळी हे असंच चाललं होतं. रोज एकदा माणूस येतो आणि रोज एकदा जातो. सातशे सकाळी झाल्या असतील. एका माणसाला किती वेळा मरू द्यायचं?

सनई संपली की पडद्यावर एक चौकोन यायचा. त्यात लिहिलेलं असायचं: 'शुभ सकाळ. एका उमेदवाराची संमती बाकी आहे.'

ही संमतीची भानगड यांनीच घालून घेतली होती. एकदा राळेगावकडचा एक बाप मुलीचा फॉर्म भरायला आला. यांनी विचारलं, मुलगी कुठे आहे? तर बाहेर ऑटोत बसवून ठेवली होती. हे उठले, अनवाणी रस्त्यावर गेले आणि ऑटोत डोकं घालून तिला म्हणाले, "पोरी, तुले लग्न करायचं आहे काय?" ती म्हणाली, मला नर्सिंग करायचं आहे. बाप असा तणतणला की शेजारचे गोळा झाले. यांनी फॉर्म काही घेतला नाही. त्याच रात्री चारुदत्तला फोन लावून सांगितलं, तुझ्या प्रोग्राममध्ये संमतीचा रकाना टाक. मुलीनं स्वतः होय म्हटल्याशिवाय तिचं नाव पुढे सरकता कामा नये आणि तोवर मला रोज आठवण करून दे. चारुदत्त कुरकुरला, पण टाकला.

असे यांचे पुष्कळ हट्ट. फॉर्ममध्ये 'उमेदवाराचा एक दोष' असा रकाना होता, तो भरल्याशिवाय हे फॉर्म घेत नसत. "दोष नसता तर तो लग्नाले आला कायले असता?" असं म्हणत. आणि मुलगी पाहून गेलेले लोक पंधरा पंधरा दिवस काही कळवत नसत, तेव्हा तर यांचं पित्त खवळायचं. फोन करकरून त्यांच्या मागे लागत. "होय नसेल तर नाही म्हणा. पण कळवा. तिकडे एक घर ताटकळत बसलं आहे." हे वाक्य मी भिंतीआडून इतक्या वेळा ऐकलं आहे की झोपेतही म्हणून दाखवीन.

तर एका उमेदवाराची संमती बाकी. रोज. मी त्या चौकोनाच्या फुलीवर टिचकी मारून तो बंद करायची आणि पेपर उघडायची. पण मनात यायचं, कोण असेल ही पोरगी? नागपूरला ऑपरेशनला जायच्या आधी यांनी आठवडाभर बसून सगळ्यांना फोन केले होते, सगळे शोध बंद केले होते. मला म्हणालेही होते, "चारशे तेरा फाइली निकाली." मग ही एक कशी राहिली? बोरी अरबची होती एक, घाटंजीची एक होती. विचारलं तर होय नाही, नाही नाही, अशांपैकीच कोणी असेल. मला तिचा राग यायचा. दोन वर्षं झाली बाई, हो म्हण नाही तर नाही म्हण आणि मला मोकळं कर. कधी कधी तिची काळजीही वाटायची. तिलाही कोणी विचारत नसेल, म्हणायची मी.

तुम्ही म्हणाल, मग उघडून पाहायचं नं. नाही. बत्तीस वर्षं नक्कल विभागात काढली आहेत मी. अर्ज नसताना दुसऱ्याची फाइल उघडायची नाही, हे माझ्या हाडात मुरलं आहे. त्यातून लोकांच्या लेकींची माहिती, फोटो, दोष. यांच्या हयातीत मी त्यात डोकावले नाही, आता कशाला डोकावू? कय्युमलाही पहिल्या दिवसापासून ताकीद होती. उघडायचा नाही. नुसता काढायचा.

तो अकराच्या सुमारास आला. मार्चचं ऊन, कपाळावर घाम. मी पाणी पुढे केलं, तर हात छातीशी नेऊन म्हणाला, "रोजा हाय, काकू." विसरलेच होते मी. मग तो यांच्या खुर्चीवर न बसता लोकांच्या बाकावर बसला आणि बाक टेबलापाशी ओढून घेतला. दर वेळी तो असंच करतो. मी कधी काही म्हटलं नाही.

"काकू, एक विचारू? कॉम्प्युटर सुरूच काहून करता? पेपर तर धुरपताबाईच्या हातानं मागवता येते."

"मला कॉम्प्युटरवर वाचायचा आहे."

"नाही तं आवाजाचा वायर काढून टाकू. सनई बंद."

"मग भजनं कुठून ऐकू? तुझ्या तोंडून?"

तो हसला नाही. नुसती मान हलवली आणि कामाला लागला. मी शेजारी उभी राहिले, देखरेखीला.

आधी त्यानं सरळ रस्त्यानं जाऊन काढायचा प्रयत्न केला. पडद्यावर आलं, 'जुळवणी सुरू आहे. काढता येत नाही.' मग त्यानं तो कुठूनसा बंद केला. दोन मिनिटं सगळं शांत. आम्ही पडद्याकडे टक लावून पाहत होतो. तिसऱ्या मिनिटाला सनई.

"पाहा," कय्युम म्हणाला. "याचे दोन तुकडे हायत. एक मारला की दुसरा त्याले उठवते. दुसरा मारला की पहिला उठवते."

"मग दोघांना एकदमच मार."

तेही केलं त्यानं. पूर्ण फोल्डर पुसून टाकलं. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. मी सवयीनं स्वयंपाकघराकडे दोन पावलं गेले आणि तिथेच थांबले. पाच मिनिटं गेली, आणि सनई वाजली. तोच चौकोन. एका उमेदवाराची संमती बाकी आहे. "अशी कशी गं तू चिकट!" मी पडद्यावर ओरडले. "जा नं आता! कायले माझा जीव घेऊन राह्यली!" एरवी माझी भाषा सरकारी आहे, पण चिडले की अशी आतली बाहेर येते.

"पूर्ण फॉरमॅट मारू शकतो," कय्युम म्हणाला. "पण काकू, ही डिस्क म्हातारी झाली. फॉरमॅट मारला तं उठेलच याची काही गॅरंटी नाही. तुमची भजनं, काकाजीचे फोटो, सगळंच जाईल."

"नको."

"मग एक काम करतो. ज्यानं बनवला त्यालेच विचारतो."

सीडीच्या जुन्या पाकिटावर नंबर होता. चारुदत्तनं पहिल्याच रिंगला उचलला. आता तो सोलर पंप विकतो. 'जुळवणी'चं नाव काढल्यावर तो मोठ्यानं हसला. अजून चालतो तो? कय्युमनं फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"असं आहे," चारुदत्त म्हणाला, "केंद्रवाले कोणावर तरी चिडायचे, रागाच्या भरात प्रोग्राम उडवायचे आणि दुसऱ्या दिवशी माझ्याशी भांडायचे की आमची स्थळं गेली. म्हणून मी तो काढता येणारच नाही असा केला. एक जरी फाइल उघडी असेल तर तो जात नाही. कितीही डोकं फोडा. ती फाइल उघडून निकाली काढा, मग एका मिनिटात निघेल."

"फाइल उघडावीच लागेल?" मी विचारलं.

"हो. कोण बोलता आपण?"

मी नाव सांगितलं. तो एकदम अदबीनं बोलायला लागला. म्हणाला, "काका फार छळायचे हो मला. हा रकाना टाक, तो रकाना टाक. पण त्यांच्यासारखा ग्राहक पुन्हा मिळाला नाही." मी कय्युमला फोन ठेवायला सांगितला.

कय्युमनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, उघड. आता इलाज नाही. त्या पोरीचा फोन नंबर काढू, तिला एकदा विचारू आणि मिटवू. मी कागद-पेन घेऊन तयारीत उभी राहिले. नंबर लिहून घ्यायला.

त्यानं चौकोनातल्या ओळीवर टिचकी मारली. फॉर्म उघडला. कय्युम वाचायला लागला, आणि थांबला. नाकाखालचा घाम त्यानं बाहीला पुसला.

"काय झालं? नाव काय आहे?"

"काकू, तुमी वाचा. मी बाहेर हाय, ओसरीवर." आणि तो उठून गेला. दार ओढून घेतलं त्यानं, पूर्ण लावलं नाही.

मी चष्मा लावला. यांच्या खुर्चीवर बसले. दोन वर्षांत पहिल्यांदा बसले असेन.

नोंदणी क्रमांक चारशे चौदा. नाव: मधुवंती. पुढे यांचं नाव, यांचं आडनाव. वय: त्रेसष्ट. रंग: सावळा. उंची: पाच फूट एक इंच, पाच-दोन सांगते. शिक्षण: बी.ए. नोकरी: निवृत्त, कोर्ट. तारीख नागपूरला जायच्या आदल्या दिवसाची होती. त्या दिवशी मी पिशवी भरत होते आणि हे बाहेर टकटक करत बसले होते. मी ओरडलेही होते, आता तरी तो डबा बंद करा म्हणून.

उमेदवाराचा एक दोष: 'तोंडाने फटकळ. पण हा दोष लहान आहे, म्हणून दुसरा लिहितो. घरात दुसरं कोणी नसेल तर पान वाढून घेत नाही. ओट्याशी उभी राहून पोळीचा तुकडा खाते आणि जेवले म्हणून सांगते. मी दौऱ्यावर असताना असंच चालायचं. धुरपताबाईकडून कळलं.'

अपेक्षा: 'सोबत बसून जेवणारं माणूस. पत्रिका, जात, उत्पन्न काही पाहू नये. ऐकून घेण्याची सवय असावी.'

फॉर्म भरणाऱ्याचं उमेदवाराशी नातं. या रकान्यात लोक वडील लिहितात. मामा लिहितात, कोणी भाऊ लिहितो. यांनी लिहिलं होतं: नवरा.

उमेदवाराची संमती: घेतलेली नाही. शेरा: 'विचारायची हिंमत झाली नाही, रागावेल. तिच्या सवडीनं तिलाच विचारावं. नागपूरहून मी परत आलो तर हा फॉर्म रद्द समजावा.'

मी टेबलावर हात आपटला. पेन खाली पडलं. "मले न विचारता!" मी मोठ्यानं म्हटलं. "दुनियेच्या पोरींना ऑटोत डोकं घालून विचारलं, आणि मले काहून नाही विचारलं? मी आत तर होते! दहा पावलांवर होते! तुमच्या बनियनच्या घड्या घालून राह्यली होती मी!" आणि मग मला रडू फुटलं. दोन वर्षांत मी लोकांसमोर धड रडले नाही, नागपूरला नाही, इथे मोक्षधामात नाही. आता ओसरीवर कय्युम बसलाय हे ठाऊक असून हमसून हमसून रडले. रागानं रडत होते, की कशानं, ते माझं मलाच समजेना.

विचारलं नव्हतं असं कसं म्हणू? रोज विचारत होते. सकाळी सात वाजता, सनई वाजवून. ती पोरगी मीच होते. जिच्यावर मी चिडत होते, जिची मला काळजी वाटायची, ती. सातशे वेळा यांनी विचारलं आणि सातशे वेळा मी फुलीवर टिचकी मारून त्यांना गप्प केलं.

रडून झाल्यावर मी पदरानं चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. खाली दोन बटणं होती. होय आणि नाही.

खरं सांगू? माझा हात लगेच 'नाही'वर गेला नाही. लोक काय म्हणतील वगैरे माझ्या मनात आलं नाही, लोकांना मी कधीच भाव दिला नाही. संध्याकाळचे सात ते दहा आले मनात. टीव्हीसमोर बसून मी त्यातल्या बायकांशी भांडते, ते आलं. दिवसभरात कधी कधी माझा आवाज मी दुपारी पहिल्यांदा ऐकते, तेही भाजीवाल्याशी बोलताना. कोणी असतं, नुसतं पलीकडच्या खोलीत खोकणारं कोणी असतं, तर? असं मी त्या खुर्चीवर बसून स्वतःला पहिल्यांदा विचारलं. यांनी विचारायला सांगितलं होतं म्हणून विचारलं.

पण मला सोबत बसून जेवणारं माणूस नको होतं. मला हे हवे होते. हे स्थळ आता कोणाच्याच यादीत नव्हतं.

मग नाही म्हणायचं. म्हणायला सोपं आहे. नाही म्हटलं की फाइल निकाली, फाइल निकाली की प्रोग्राम गेला आणि प्रोग्राम गेला की सनई गेली. तेच तर हवं होतं मला सकाळपासून. त्यासाठी कय्युमला रोज्यात उन्हातून बोलावलं होतं. आणि आता बोट चालेना. उद्या सात वाजता तो एक क्षण येणार नाही. हे मरणार नाहीत, पण येणारही नाहीत. फुली मारून चौकोन बंद केला असता तरी चाललं असतं. कय्युमला म्हटलं असतं, राहू दे बाबा. तो काही बोलला नसता.

पण कानात यांचा आवाज येत होता, भिंतीपलीकडून. होय नसेल तर नाही म्हणा, पण कळवा. तिकडे एक घर ताटकळत बसलं आहे. इतकी वर्षं मी हे ऐकलं आणि मीच यांना दोन वर्षं ताटकळत ठेवलं.

"नाही," मी म्हटलं. आधी तोंडानं म्हटलं, मग बटण दाबलं.

पडद्यावर एक ओळ आली. 'नकार कळवलात, आभारी आहे. उमेदवारास सुखी आयुष्याच्या शुभेच्छा.' ही ओळ यांनीच चारुदत्तला सांगून घातली होती, नकार देणाऱ्या सगळ्यांसाठी. तो म्हणे, नकाराबद्दल कोण आभार मानतं? हे म्हणाले, मी मानतो.

मी कय्युमला हाक मारली. तो आला, माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. आता प्रोग्रामनं काही हट्ट केला नाही. हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे भरत गेली, चाळीस सेकंद लागले असतील, आणि झालं. कय्युमनं दोनदा बंद करून सुरू करून पाहिलं. पडद्यावर डोंगराचं चित्र आलं आणि ते तसंच राहिलं.

"गेला, काकू."

"हं."

एरवी मी त्याला जेवल्याशिवाय सोडलं नसतं. आज तर बसवूनच घेतलं असतं. पण त्याचा रोजा. जाताना चप्पल घालता घालता म्हणाला, "अम्मी विचारत होती तुमाले. एक दिवस इफ्तारीले या." मी येईन म्हटलं. मी येईन म्हटलं म्हणजे जाणार नाही, हे त्याला ठाऊक आहे, तरी तो बरं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सात वाजता मी बटण दाबलं आणि आत जाऊन चहा ठेवला. दूध घातलं. थांबले. कान बाहेरच्या खोलीकडे. मला माहीत होतं की वाजणार नाही, तरी थांबले. पाच मिनिटं झाली असतील, सात झाली असतील. चहा उतू गेला, गॅस विझला, तेव्हा भानावर आले. त्या क्षणी कोणी आलं नाही आणि कोणी गेलंही नाही. शांतता इतकी होती की फ्रिजची घरघर मोठी वाटत होती. उरलेला चहा मी कपात गाळला. एकच कप. पेपर काही वाचला नाही.

दहा वाजता धुरपताबाई आली. मी वरण-भात लावला होता, आलू-वांग्याची भाजी केली होती. ओट्याशी उभं राहून पोळीला हात घातला, आणि ते वाक्य आठवलं. ओट्याशी उभी राहून पोळीचा तुकडा खाते आणि जेवले म्हणून सांगते. लेखी आहे. फाइल निकाली निघाली, पण दोष काही निघाला नव्हता. माणूस नको असं मी स्वतः कळवलं होतं. मग आता सोबत मलाच करायची होती.

मी चटई अंथरली. ताट घेतलं, वाटी घेतली. मीठ, लिंबाची फोड, सगळं रीतसर वाढलं. पाण्याचा तांब्या भरून ठेवला आणि बसले.

धुरपताबाईनं मोरीतून वळून पाहिलं. तिचा हात हलका झाला. भांड्यांचा आवाज एकदम थांबला आणि घरात पुन्हा तीच शांतता पसरली. घास माझ्या तोंडात होता, तो खाली जाईना.

"धुरपता."

"काय जी, बाई?"

"भांडी आपट."

"जी?"

"रोज आपटतेस तशी आपट. मी जेवते आहे."

तिनं कढई उचलून दाणकन मोरीत टाकली, तिच्यावर झारा, त्यावर परात. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. मी पाण्याचा घोट घेतला आणि पुढचा घास घेतला.